फुरसत मागायची कोणाकडे?

गेल्या अंकात आम्ही एक साधा प्रश्न टाकला होता, की दिवसभरात तुमचा स्वतःचा म्हणावा असा वेळ किती असतो आणि त्यात तुम्ही काय करता. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर लोकांनी व्हॉइस नोट पाठवले. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सहा निवडलीत, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर, नावं कोणाचीच देत नाही कारण बऱ्याच जणांनी घरातल्या गोष्टी मोकळेपणाने लिहिल्यात. एवढी पत्रं वाचून माझं एक मत पक्कं झालं ते आधीच सांगून टाकते. कामं संपली की फुरसत मिळेल असं म्हणत बसलो तर ती कधीच मिळत नाही कारण कामं काही संपत नसतात, ती आधी बाजूला काढून ठेवावी लागते, आणि आपण ती काढताना घरातल्या दुसऱ्या कोणाची तर जात नाही ना हे पण बघावं लागतं.

मी मूळचा ठाण्याचा, सध्या पर्वरीला राहतो, काम घरूनच. इथे दुपारी एक ते चार सगळं बंद. हार्डवेअरवाला बंद, टेलर बंद, झेरॉक्सवाला पण बंद. नळाचा साधा वॉशर आणायचा तर चार वाजेपर्यंत थांबा. राग मानू नका पण हा आळस नाही का? या लोकांना धंदा नको आहे का?

राग कशाला मानायचा, नवीन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पण जरा हिशोब करून बघा. तुमचा तो हार्डवेअरवाला सकाळी नऊला दुकान उघडतो, एकला बंद करतो, परत चारला उघडून रात्री आठपर्यंत बसतो. झाले की आठ तास! म्हणजे काम तेवढंच, फक्त मधला वेळ त्याने स्वतःकडे ठेवलाय. आणि या वेळात तो काय करतो माहितीये? घरी जातो. गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळच्या असतात, दीडच्या आसपास पोरं घरी येतात, आणि बापाबरोबर बसून शीत-कडी जेवतात. ठाण्यात किती मुलांना कामाच्या दिवशी दुपारी बाप दिसतो हो? मग तो तासभर पडतो, एप्रिल-मेच्या दमट उन्हात त्या वेळी बाहेर गिऱ्हाईक पण नसतं, नुसता पंखा फिरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पुण्याच्या पेठांमध्ये पण एक ते चार दुकानं बंद असायची आणि त्यावर विनोद करून करून लोक दमले, पण त्या दुकानदाराने जेवायचं कधी हे कोणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही उठायच्या आधीचा गोवा तुम्ही बघितलेला नाही. पदेर, म्हणजे पाववाला, पहाटे भट्टीतले पाव घेऊन सायकलवर हॉर्न वाजवत दारात येतो तेव्हा त्या भट्टीवरची माणसं अर्ध्या रात्रीपासून जागी असतात. नुस्तं, म्हणजे मासळी, घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका पहाटे जेटीवर असतात. त्यांना दुपारी डोळा लागला तर तो आळस नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. पणजी-म्हापशाच्या मोठ्या शोरूममध्ये आता दुपारची सुट्टी नाही, काउंटरवरच्या मुली सकाळी दहापासून उभ्याच. आणि हॉटेलातल्या मुलांना विचारा, बाहेरचे लोक इथे निवांत व्हायला येतात तेव्हा त्यांची सगळ्यात लांब शिफ्ट असते, ३१ डिसेंबरची रात्र ते कधीच घरी नसतात. ज्या गोव्याची निवांत म्हणून जाहिरात होते त्या गोव्यात काम करणाऱ्यांचाच निवांतपणा कमी कमी होत चाललाय, आणि जो पोसरकार, म्हणजे छोटा दुकानदार, अजून दुपारी शटर ओढतो त्याने ते ओढत राहावं असंच मला वाटतं. वॉशर मात्र सकाळी आणा.

मी पेडणे तालुक्यातला, वेर्ण्याला एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये आहे. कंपनीच्या बसने जाऊन येऊन तीन तास जातात. रात्री घरी आलो की मोबाईल घेऊन पडतो, रील्स बघता बघता दोन वाजतात, सकाळी उठलो की आणखीनच थकलेला. सुट्टीला दुपारपर्यंत झोपून काढतो. आधी गावच्या जत्रेच्या नाटकात काम करायचो, आता सोडलं, वेळच होत नाही. बायको म्हणते आराम करा. ताई, आराम करूनही आराम का वाटत नाही?

तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आलीत, तेव्हा एकटे तुम्हीच असे नाही. रात्री मोबाईल सुटत नाही यात मला तुमचा दोष दिसत नाही. दिवसभर सुपरवायझरचं ऐकायचं, बसच्या वेळेवर पळायचं, मग घरचं, आणि पूर्ण दिवसात पहिल्यांदा रात्री अकराला कोणी काही सांगणारं नसतं, तर तो वेळ झोपून घालवायला जीव होत नाही, साहजिक आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की नाटकाला शेवटचा पडदा असतो, पेपरला शेवटचं पान असतं, आणि रील्सला शेवट ठेवलेलाच नाही, मुद्दाम ठेवलेला नाही. तुम्हाला वाटतं आपण आपल्या मर्जीने बघतोय पण पुढचं काय ते तिकडून ठरतं. म्हणजे कंपनीतून सुटून परत दुसऱ्याच्याच तालावर. अंग पडलेलं असतं पण मन काही आपलं करत नसतं, म्हणून उठल्यावर रिकामं वाटतं.

तुम्ही सुट्टी झोपून काढता लिहिलंत तेव्हा मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. महात्मा फुल्यांचे सहकारी, त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. त्या काळी गिरणीत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाहीच. किती वर्षं अर्ज, सभा, मोर्चे झाले, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ चा, आणि आपल्याकडे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा कारखाने कायदा १९४८ चा, तो पण गोव्याला लागू व्हायला १९६१ नंतरच, कारण तोवर इथे पोर्तुगीज होते. सांगायचं कारण एवढंच की सुट्टीचा दिवस कोणी मालकाने खुशीने दिलेला नाही, त्यासाठी माणसं भांडलीत, आणि ती नुसती झोपायला मिळावं म्हणून भांडली नाहीत. त्यांना सभेला जायचं होतं, पोराबाळांत बसायचं होतं, देवाला जायचं होतं.

आता तुमचं नाटक. पत्रातल्या एवढ्या मजकुरात मला जीव त्या एकाच वाक्यात दिसला. आपल्याकडे जत्रेच्या नाटकाची तालीम म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, जेवणं उरकून रात्री नऊ-साडेनऊला एकेक जण देवळाच्या मंडपात येतो, कोणी बँकेतला, कोणी रिक्षावाला, कोणी काजूच्या बागायतीतला, पेटीवाला सूर धरतो, प्रॉम्प्टर मळकी वही आणि टॉर्च घेऊन विंगेत, एक जण दरवर्षी त्याच जागी एंट्री चुकवतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात, मधेच किटली येते. पैसा कोणालाच मिळत नाही, उलट ड्रेपरीला वर्गणी काढावी लागते. आणि जत्रेच्या रात्री पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत, समोर अख्खा गाव चादरी पांघरून. दुसऱ्या दिवशी झोप झालेली नसते तरी माणूस ताजा असतो, हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. म्हणजे तुमचा थकवा नुसता झोपेचा नाही.

तर मंडळाला जाऊन सांगा की यंदा मोठी भूमिका नको, दोन एंट्रीचा हवालदार द्या, माझ्या शिफ्टच्या आठवड्यात मी येणार नाही. ऐकतील, कारण शिफ्टवाले आता प्रत्येक मंडळात आहेत. पाठांतर बसमध्ये करा, तीन तास आहेत ना हातात. आणि बायकोला तालमीला एकदा घेऊन जा, म्हणजे तुमचा आराम कुठे आहे ते तिलाही दिसेल. तिचा कुठे आहे हे पण त्या निमित्ताने विचारा, पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

मी डिचोलीची. रविवार सगळ्यांचा सुट्टीचा. मिस्टर सकाळी बाजारातून नुस्तं आणतात, झालं त्यांचं काम. पुढे मी. जेवणं, भांडी, ओटा करून मी चार वाजता टेकते तेवढ्यात चहाची वेळ. एकदा दुपारी भांडी तशीच ठेवून पुस्तक घेऊन बसले, घरात कोणी काही बोललं नाही तरी मलाच काहीतरी चोरल्यासारखं वाटत राहिलं. माझंच काही चुकतंय का?

नाही. अजिबात नाही. आणि तुम्ही "पुढे मी" एवढ्या दोन शब्दांत जे संपवलंत ते मी इथे उलगडून लिहिते, कारण हे वाचणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जणांना ते खरंच माहीत नाही. एक किलो बारीक सुंगटं, म्हणजे कोळंबी. एकेकाचं डोकं मोडायचं, साल ओढायचं, पाठीतला काळा दोरा काढायचा, बोटांना काटे टोचतात आणि हाताचा वास साबणाने पण जात नाही. मग आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ कातायचा, कडीचा मसाला वाटायचा, एकीकडे भात, एकीकडे सोलकढी, सासऱ्यांना तिखट चालत नाही म्हणून त्यांचं वेगळं. तीन तासांचं काम, आणि पानं वाढल्यावर वीस मिनिटांत सगळे हात धुवून पंख्याखाली. त्या वीस मिनिटांत पण तुम्ही उठून भात वाढता.

हे फक्त तुमच्या घरचं नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम ज्या बायका करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, जे पुरुष करतात त्यांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये परत पाहणी झाली, तेव्हा बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषांचं पण नऊ मिनिटांनी कमी झालं, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, पण वाटणी जागची हलली नाही.

चोरल्यासारखं का वाटतं, तर लहानपणापासून आपण रिकामी बसलेली बाई बघितलेलीच नसते. आई बसली तरी हातात भाजी. आजी बसली तरी वाती वळत. बाईने बसायचं तर काही कारण पाहिजे. आणि मला वाटतं आपल्या आज्या-पणज्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. पौषातले धालो बघा ना. रात्रीची जेवणं आटोपली की गावच्या बायका मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, जमतात, समोरासमोर दोन ओळी, एकमेकींच्या कमरेला हात घालून गाणी म्हणत पुढे-मागे, मग फुगड्या, सोंगं, हसून हसून लोळतात, आणि हे एक रात्र नाही, ओळीने कितीतरी रात्री. पुरुषांना त्यात जागा नाही. पण ते देवाचं, मांडाचं, परंपरेचं, म्हणून कुठल्या नवऱ्याची किंवा सासूची "आज जाऊ नको" म्हणायची टाप नव्हती. आपल्या मजेला त्यांनी देवाचं कुंपण घातलं आणि ती शाबूत ठेवली. मला याचं फार कौतुक आहे. आजही बायकांची भजनी मंडळं, चवथीच्या फुगडी स्पर्धा यांत तोच जोर दिसतो. पण देवाचं निमित्त नसताना सुद्धा बाईला दुपारी दोन तास पुस्तक घेऊन बसता आलं पाहिजे, आणि ते आता आपल्याला करायचंय.

करायचं कसं, तर परवानगी मागू नका. विचारलं की उत्तर "हो, पण" येतं. शनिवारी रात्री जेवताना सरळ सांगा की उद्या तीन ते पाच मी खोलीत आहे, चहा ज्याला हवा त्याने टाकावा. मिस्टरांना सांगा की सुंगटं आणली तर सोलायला बसावं लागेल, नाहीतर बाजारात साफ करून देणाऱ्या बायका असतात, त्यांना दोन पैसे देऊन साफ करूनच आणा. मुलं असतील तर त्यांनाही बसवा, मुलगा असेल तर नक्कीच. पहिले काही रविवार भांडी डोळ्यासमोर नाचतील, नाचू देत. सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी आयुष्यात स्वतःची एक दुपार बघितली नसेल, जमलं तर त्यांना पण बरोबर घ्या, वाचून दाखवा. आणि तुमच्या मुलांनी घरात पुस्तक घेऊन निवांत बसलेली आई बघणं ही फार मोठी गोष्ट आहे, माझ्या मते कुठल्याही संस्कार वर्गापेक्षा मोठी.

मुलगा पाचवीत. सुट्टीत स्विमिंग, अबॅकस, कराटे लावलंय, पण एखादा दिवस मोकळा आला की "आई कंटाळा आला" म्हणून डोकं खातो. मग मोबाईल द्यावा लागतो. काय करू? (मडगाव)

कंटाळू द्या. खरंच सांगते. प्रत्येक मोकळ्या तासाची सोय आपण करून ठेवली तर स्वतःचा वेळ स्वतः भरायचा असतो हे त्याला कळणार कधी? आपण काहीच करत नसतो तेव्हा पण मेंदू बंद नसतो, त्याचे काही भाग उलट तेव्हाच जास्त कामाला लागतात, आठवणी चाळतात, पुढचं रंगवतात, २००१ पासून शास्त्रज्ञांनी यावर भरपूर अभ्यास केलाय. आणि मुलांचा विश्रांतीचा, खेळण्याचा हक्क हा तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ व्या कलमात लिहिलेला आहे, भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. दोन क्लास कमी करा. मोबाईल न देता अर्धा तास कळ काढा, तुम्हाला त्रास होईल, त्याला नाही. आजोळ असेल तर पंधरा दिवस तिकडे धाडा, काजूच्या बिया भाजायला, जांभळं पाडायला.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. आता फुरसतच फुरसत आहे आणि दिवस खायला उठतो. (म्हापसा)

काका, इतकी वर्षं तुमचा दिवस ऑफिसने आखून दिला, आता तो तुम्हाला आखायचाय. दिवसातली एक वेळ पक्की करा आणि त्या वेळी घराबाहेर, चार माणसांत असा. पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालचं, तिथे एकदा जाऊन जुने मराठी पेपर उघडा, आठवडा कसा गेला कळणार नाही. भजनाला जात असाल तर झांज तरी हातात घ्या, नुसतं ऐकू नका. आणि दुपारची भांडी तुमच्याकडे घ्या. वरचं डिचोलीचं पत्र काकींना वाचून दाखवा आणि मग घ्या.

माझा ट्रक मायनिंगवर होता. २०१८ ला सगळं बंद पडलं आणि मी घरी बसलो. लोक म्हणायचे, मजा आहे तुझी, काम नाही धंदा नाही. मी दिवसभर पारावर बसायचो पण एक मिनिट निवांत नव्हतो, बँकेचा हप्ता डोक्यात. आता दुसरीकडे काम आहे, पण रिकामं बसायची अशी भीती बसलीय की रविवारी पण ट्रक धूत असतो. तुम्ही लोक फुरसतीचं एवढं कौतुक करता, ज्याच्या हाताला कामच नाही त्याचं काय? (साखळी)

भाऊ, तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण वरच्या सगळ्या उत्तरांना तुम्ही अडवून विचारलंय आणि तुमचं बरोबर आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाण लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून काम थांबलं, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात किती ट्रक दारात उभे राहिले ते सगळ्यांनी बघितलंय. खाणींनी शेतांचं, पाण्याचं काय केलं तो वेगळा विषय आहे आणि त्यावर माझी मतं कडक आहेत, पण ज्याच्या ट्रकचा हप्ता थकला त्याला "मजा आहे" म्हणणं हे वाईटच.

तुमच्या पत्रानंतर मी आपल्या मच्छीमारांचा विचार करत होते. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलरना समुद्र बंद. कमाई नाही, पण बंदी उठणार कधी ते पहिल्या दिवशीच माहीत असतं, म्हणून जाळी विणतात, होडीला रंग देतात, खलाशी आपापल्या गावी जातात, दुपारी झोप पण लागते. तुम्हाला तारीख कोणीच दिली नव्हती. किती दिवस बसायचंय हेच ठाऊक नसेल तर माणूस पारावर बसला तरी तो बसलेला नसतो, तो वाट बघत असतो. त्याला फुरसत म्हणताच येत नाही. उद्याच्या पोटाची सोय असेल तरच आजचा मोकळा वेळ मोकळा.

रविवारी ट्रक धुण्याचं म्हणाल तर धुवा की, त्यात वाईट काय! फक्त स्वतःला एक विचारून बघा, एखाद्या रविवारी नळाला पाणी आलं नाही तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल की छातीत धडधडेल? चुकल्यासारखं वाटत असेल तर तो तुमचा छंद आहे, मुलाला बरोबर घ्या, गाणी लावा, सावकाश धुवा. धडधडत असेल तर त्या दिवसांबद्दल घरात कोणाशी तरी एकदा पूर्ण बोला, बायकोशी बोला, ते हप्ते तिने पण भोगलेत.

आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी सगळ्या वाचकांपुढे ठेवते. रोजंदारीवरच्या माणसाला रविवार म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही, मग तो सुट्टी घेईल कशी? तेव्हा पुढच्या अंकासाठी हे लिहून पाठवा: तुमच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना आठवड्याची एक सुट्टी आहे का, आणि त्या दिवसाचे पैसे तुम्ही कापता का?